अणूंची वस्तुमानं एकमेकांशी ताडायची कशी? घातांकांचा हिशोब, पायरीपायरीने

सोन्याचा एक अणू हायड्रोजनच्या एका अणूपेक्षा किती पट जड? अकरावीच्या नव्या बॅचला हा प्रश्न टाकला की पहिल्या बाकावरून लगेच उत्तर येतं, "197". मागून कोणीतरी म्हणतं, "त्यात काय, आवर्तसारणीत दिलंय की." मग मी फळ्यावर दोन्ही अणूंची किलोग्रॅममधली वस्तुमानं लिहितो, 3.2707 × 10⁻²⁵ आणि 1.6735 × 10⁻²⁷, आणि म्हणतो, आता यावरून काढून दाखवा. इथे वर्ग गप्प होतो.

गणित अवघड नाही. साधा भागाकार आणि आठवीत शिकलेले घातांकांचे नियम, एवढंच लागतं. गोंधळ होतो तो उणे घातांकांचा, एककांचा, आणि एकाच अणूबद्दल पुस्तकात तीन वेगवेगळे आकडे दिसतात त्याचा. मराठी माध्यमातून दहावी करून सायन्स घेतलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. मुलांचा अभ्यास घ्यायला बसलेल्या आणि शाळेतलं विसरून गेलेल्या आईबाबांनाही चालेल.

आधी हाताशी काय हवं

- कोरा कागद आणि पेन. शेवटच्या पायरीपर्यंत कॅल्क्युलेटर दप्तरातच राहू द्या.
- आवर्तसारणी, अणुवस्तुमानं दशांशात दिलेली. नुसते पूर्णांक छापलेली भिंतीवरची सारणी इथे कामाची नाही.
- लॉग टेबल. बारावीच्या बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं.
- खालचा तक्ता. वहीत उतरवून घ्या, पुढची सगळी उदाहरणं त्यातलीच आहेत.

एका अणूचं वस्तुमान, आधी डाल्टनमध्ये, मग किलोग्रॅममध्ये:

- हायड्रोजन-1: 1.0078 डाल्टन, 1.6735 × 10⁻²⁷ किग्रॅ
- हेलियम-4: 4.0026 डाल्टन, 6.6465 × 10⁻²⁷ किग्रॅ
- कार्बन-12: 12 डाल्टन, 1.9926 × 10⁻²⁶ किग्रॅ
- ऑक्सिजन-16: 15.9949 डाल्टन, 2.6560 × 10⁻²⁶ किग्रॅ
- लोह-56: 55.9349 डाल्टन, 9.2882 × 10⁻²⁶ किग्रॅ
- सोनं-197: 196.9666 डाल्टन, 3.2707 × 10⁻²⁵ किग्रॅ
- युरेनियम-238: 238.0508 डाल्टन, 3.9529 × 10⁻²⁵ किग्रॅ

डाल्टन म्हणजे कार्बन-12 च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. म्हणून वरच्या यादीत कार्बनचाच आकडा तेवढा नेमका 12 आहे. किलोग्रॅममध्ये 1 डाल्टन म्हणजे 1.6605 × 10⁻²⁷.

1. आपल्याला नेमका कुठला आकडा हवाय ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग उत्तर जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात. तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, अणुवस्तुमानांक. केंद्रकातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची एकूण संख्या. ही मोजणी आहे, म्हणून नेहमी पूर्णांक. सोन्याचे 197 ते हेच.

दुसरी, एका विशिष्ट अणूचं प्रत्यक्ष वस्तुमान. वरच्या तक्त्यातले आकडे या प्रकारचे. सोन्याचं 196.9666 डाल्टन आहे, 197 नाही.

तिसरी, आवर्तसारणीतलं सरासरी अणुवस्तुमान. क्लोरीनसमोर 35.45 लिहिलेलं असतं. पण 35.45 डाल्टनचा क्लोरीनचा अणू जगात कुठेही सापडणार नाही. निसर्गात क्लोरीनचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू, आहेत, एक 34.97 चा आणि एक 36.97 चा. हलका साधारण तीन वाटे आणि जड एक वाटा, त्यांची सरासरी 35.45. "क्लोरीनच्या एका अणूचं वस्तुमान काढा" असं गणितात आलं तर बोर्डाला बहुधा सरासरीच अपेक्षित असते, तेव्हा तीच वापरा. मात्र "क्लोरीन-35" असं स्पष्ट लिहिलं असेल तर सरासरी घेऊन चालणार नाही.

एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वस्तुमानांचे असू शकतात, हे अणुसिद्धांत मांडणाऱ्या जॉन डाल्टनच्या काळात कोणाच्या गावीही नव्हतं. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांना निऑनमध्ये 20 आणि 22 असे दोन प्रकार दिसले. पुढे त्यांचेच सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी 1919 मध्ये वस्तुमान-वर्णपटलेखक तयार केला आणि एकेक मूलद्रव्य घेऊन त्याचे समस्थानिक वेगळे करून दाखवले. 1922 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आपण आज चार दशांशांचे आकडे बिनधास्त वापरतो ते त्या उपकरणाच्या वारसदारांच्या जोरावर.

एक सूचना घरात जुनी पुस्तकं असणाऱ्यांसाठी. 1961 च्या आधी कार्बन-12 हा आधार नव्हता. रसायनवाले निसर्गात मिळणारा सरमिसळ ऑक्सिजन 16 धरत, भौतिकवाले फक्त ऑक्सिजन-16 हा समस्थानिक 16 धरत, आणि दोघांचे तक्ते दहा हजारात दोन-तीन इतक्या फरकाने वेगळे निघत. आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकातला आकडा शेवटच्या एक-दोन अंकांत वेगळा दिसला तर घाबरू नका, पण आजच्या आकड्यांत तो मिसळूही नका.

2. संख्या घातांक रूपात नीट लिहा

हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान लांबलचक लिहिलं तर असं दिसतं (शून्यं मोजता यावीत म्हणून मध्ये जागा सोडली आहे):

0.0000000000 0000000000 000000 16735 किग्रॅ

दशांशचिन्हानंतर 26 शून्यं, आणि पहिला खरा अंक 27 व्या जागेवर. म्हणून 1.6735 × 10⁻²⁷. "उणे 27 म्हणजे 27 शून्यं" असं पाठ केलेली मुलं इथे दहापटीने घसरतात. शून्यं मोजू नका, पहिला खरा अंक कितव्या जागेवर आहे ते मोजा.

डावीकडच्या संख्येला, म्हणजे 1.6735 ला, मी पुढे गुणक म्हणेन. गुणक 1 किंवा त्याहून मोठा पण 10 हून लहान हवा. 16.735 × 10⁻²⁸ ही संख्या चूक नाही, किंमत तीच आहे. पण दोन अणूंची तुलना करताना एक संख्या या रूपात आणि दुसरी त्या रूपात असली की घातांक बघून काही ठरवता येत नाही. आधी दोन्ही साच्यात आणा.

दशांशचिन्ह डावीकडे एक घर सरकलं की घातांक एकने वाढतो, उजवीकडे सरकलं की एकने कमी होतो. 16.735 चं 1.6735 करताना चिन्ह डावीकडे गेलं, म्हणून उणे 28 चं उणे 27 झालं. उणे 28 मध्ये एक मिळवला की उणे 27 येतात, उणे 29 नाही. हे बोटांवर मोजायला लाजू नका.

3. दोन्हीकडे एकक एकच करा

ग्रॅम आणि किलोग्रॅम यांची सरमिसळ हा दुसरा मोठा खड्डा. रसायनाच्या पुस्तकात हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान 1.6735 × 10⁻²⁴ असं सापडेल आणि भौतिकच्या पुस्तकात 1.6735 × 10⁻²⁷. दोन्ही बरोबर आहेत, पहिलं ग्रॅममध्ये आणि दुसरं किलोग्रॅममध्ये. एक इथून, एक तिथून उचललं की उत्तर सरळ हजारपट बिघडतं. आकड्यापुढे एकक लिहायचा कंटाळा करणाऱ्याला हे कळतही नाही.

ग्रॅमवरून किलोग्रॅमला जाताना घातांकातून 3 वजा करा. गुणकाला हात लावू नका.

डाल्टनवरून ग्रॅमला जायचं असेल आणि 1.6605 आठवत नसेल, तर ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या, आठवा. 6.022 × 10²³ ने 1 ला भागलं की जवळपास 1.6605 × 10⁻²⁴ येतं (शेवटच्या अंकात एकाचा फरक 6.022 छाटल्याचा), आणि एक डाल्टन म्हणजे तेवढेच ग्रॅम. दोन आकडे पाठ करण्याची गरज नाही. (हा 6.022 × 10²³ केवढा मोठा, याचा अंदाज हवा असेल तर आपली जुनी मोजणी काढा. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत परार्धाला पोचलात तरी तुम्ही फक्त 10¹⁷ वर आहात. ॲव्होगॅड्रो अंक म्हणजे साठ लाख बावीस हजार परार्ध.)

4. आकडेमोड करण्याआधी घातांक बघा

कोण जड हे ठरवायला भागाकार लागतच नाही. ज्याचा घातांक मोठा तो जड. घातांक सारखे असतील तरच गुणकाकडे वळा.

लोह 9.2882 × 10⁻²⁶, सोनं 3.2707 × 10⁻²⁵. बघताक्षणी नजर 9 वर जाते आणि लोखंडाचा अणू जड वाटतो. नजरेला आवरा. उणे 25 आणि उणे 26 यांत मोठा कोण? 25 रुपयांची उधारी 26 रुपयांच्या उधारीपेक्षा बरी, म्हणून उणे 25 मोठा. सोनं जड.

कार्बन आणि ऑक्सिजन दोघांचाही घातांक उणे 26. इथे गुणक बघायचा, 2.6560 मोठा, म्हणून ऑक्सिजन जड.

याच वेळी कागदाच्या कोपऱ्यात अंदाज लिहून ठेवा. सोनं आणि हायड्रोजन यांच्या घातांकांत 2 चा फरक, म्हणजे शंभराच्या घरात, गुणक 3.3 आणि 1.7, म्हणजे जवळपास दुप्पट. उत्तर दोनशेच्या आसपास यायला हवं. हा अंदाज शेवटी फार उपयोगी पडतो.

5. भागाकार: गुणक वेगळे, घातांक वेगळे

"किती पट" विचारलं की भागाकार. "कितीने जास्त" विचारलं की वजाबाकी. प्रश्नातला हा शब्द अधोरेखित करा.

सोनं भागिले हायड्रोजन:

गुणक: 3.2707 ÷ 1.6735 = 1.954
घातांक: −25 − (−27) = −25 + 27 = 2
उत्तर: 1.954 × 10² = 195.4 पट

कोपऱ्यातला अंदाज दोनशेचा होता, जुळलं. घातांकांच्या वजाबाकीत कंस न लिहिता −25 − 27 केलंत तर उणे 52 येतात आणि सोन्याचा अणू हायड्रोजनपेक्षा हलका ठरतो. कंस लिहा, जागा वाचवू नका.

आणि 197 का नाही आलं? मुख्य कारण हायड्रोजन. त्याचं वस्तुमान 1 डाल्टन नसून 1.0078 आहे. भाजक जरा मोठा, म्हणून उत्तर जरा लहान. थोडा वाटा सोन्याचाही, 197 ऐवजी 196.97 असल्याचा. हे 0.0078 कुठून आलं त्याची गोष्ट सातव्या पायरीत आहे.

आता सोनं भागिले लोह:

गुणक: 3.2707 ÷ 9.2882 = 0.3521
घातांक: −25 − (−26) = 1
उत्तर: 0.3521 × 10¹ = 3.521 पट

गुणक एकाहून लहान आला म्हणून बिचकू नका. वरचा गुणक खालच्यापेक्षा लहान असला की असंच होणार. दशांशचिन्ह सरकवून साच्यात आणलं की काम झालं.

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान 9.1094 × 10⁻³¹ किग्रॅ. हायड्रोजनचा अणू त्याच्या किती पट? गुणकांचा भागाकार 0.1837, घातांक −27 + 31 = 4, म्हणजे 1837 पट. अणूच्या वस्तुमानात इलेक्ट्रॉन धरला काय, न धरला काय, असं पुस्तकं का म्हणतात ते या एका आकड्यावरून कळतं.

6. डाल्टनमध्ये पडताळून घ्या

तेच गुणोत्तर डाल्टनच्या आकड्यांवरूनही यायलाच हवं, कारण एकक भागाकारात उडून जातं. 196.9666 ÷ 1.0078 = 195.4. लोहासाठी 196.9666 ÷ 55.9349 = 3.521. दोन्ही जुळले.

मग किलोग्रॅमचा खटाटोप कशाला, असं मुलं विचारतात. नुसती पट काढायची असेल तर खरंच गरज नाही, डाल्टनमध्येच करा. पण प्रश्नात एका अणूची ऊर्जा, वेग किंवा बल आलं की किलोग्रॅमशिवाय गत्यंतर नाही, आणि भौतिकच्या पेपरात ते येतंच.

7. बेरीज-वजाबाकी आली की घातांक आधी सारखे करा

भागाकारात घातांक वेगवेगळे चालतात. बेरजेत अजिबात नाही.

पाण्याच्या रेणूचं वस्तुमान काढू. हायड्रोजनचे दोन अणू 3.3470 × 10⁻²⁷, ऑक्सिजनचा एक 2.6560 × 10⁻²⁶. गुणक तसेच मिळवले तर 6.0030 येतात आणि ते निरर्थक आहेत. हायड्रोजनचा आकडा ऑक्सिजनच्या घातांकावर आणा: 0.3347 × 10⁻²⁶. आता बेरीज 2.9907 × 10⁻²⁶ किग्रॅ. मोठ्या घातांकाकडे दोघांना आणायचं, लहानाकडे नाही. आकडे आटोपशीर राहतात.

वजाबाकीत आणखी एक धोका आहे, आणि तो दाखवायला हेलियमसारखं उदाहरण नाही. (हेलियमचं नाव काढलं की कोकणातला माणूस विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे आणि 1868 चं सूर्यग्रहण काढणार, कारण हेलियमचा शोध त्या ग्रहणाशी जोडला जातो. तो विषय वेगळ्या लेखाचा.) सूर्याच्या पोटात शेवटी चार हायड्रोजन जाऊन एक हेलियम तयार होतो. तर चार हायड्रोजनचं वस्तुमान आणि एका हेलियमचं वस्तुमान सारखं भरतं का?

आधी दोनच अंक ठेवून बघा. हायड्रोजन 1.7, चौपट 6.8. हेलियम 6.6. फरक 0.2 × 10⁻²⁷.

आता सहा अंक घ्या. हायड्रोजन 1.67353, चौपट 6.69412. हेलियम 6.64648. फरक 0.04764 × 10⁻²⁷, म्हणजे 4.764 × 10⁻²⁹ किग्रॅ.

पहिलं उत्तर खऱ्याच्या चौपटीहून जास्त. दोन जवळजवळ सारख्या संख्या वजा केल्या की पुढचे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो शेपटाचा भाग; शेपूट आधीच छाटलं असेल तर हातात कचरा येतो. म्हणून नियम असा: भागाकाराला तीन-चार सार्थ अंक पुरतात, पण जवळच्या आकड्यांच्या वजाबाकीत मिळतील तेवढे अंक शेवटपर्यंत जपा आणि फक्त उत्तर पूर्णांकित करा.

हा फरक चार हायड्रोजनच्या वस्तुमानाच्या 0.71 टक्के आहे. एवढासा. पण प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने, 9 × 10¹⁶ ने, गुणलं की एका हेलियममागे 4.29 × 10⁻¹² जूल ऊर्जा निघते. ॲस्टन यांच्या मोजमापातून हायड्रोजन "अपेक्षेपेक्षा जड" निघाला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी 1920 मध्ये कार्डिफच्या भाषणात सूर्य कशावर जळतो याचं उत्तर इथे असू शकतं असं मांडलं. पाचव्या पायरीत आपल्याला खटकलेलं 0.0078 ते हेच. हायड्रोजनचा प्रोटॉन एकटा असतो, कोणाशी बांधलेला नसतो, म्हणून त्याचं वस्तुमान पूर्ण असतं. कार्बनमध्ये बारा कण एकमेकांना धरून बसताना प्रत्येकाचं थोडं वस्तुमान ऊर्जेच्या रूपात निघून गेलेलं असतं, आणि आपण मोजपट्टी कार्बनची घेतली आहे.

8. लॉग टेबल आणि कॅल्क्युलेटर

लॉग टेबल वापरताना दहाचे घात त्यात घालूच नका. 3.27 × 10⁻²⁵ चा लॉग घ्यायला गेलं की "25 बार" येतो आणि बारची वजाबाकी करताना हमखास घोळ होतो. फक्त गुणकांचा लॉग घ्या: 3.27 चा 0.5145, 1.67 चा 0.2227, वजाबाकी 0.2918, अँटिलॉग 1.958. घातांक बाजूला तोंडी करा, 2. उत्तर 195.8, तीन अंकांत 196. वर 195.4 आलं होतं, हा फरक गुणक तीन अंकांवर कापल्याचा आहे, टेबलचा नाही.

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर घातासाठी वेगळं बटण असतं, त्यावर "एक्स्प" किंवा गुणिले दहाचा घात असं चिन्ह असतं. तेच वापरा. गुणिले, 10, घात असं तीन बटणांनी टाकत गेलात तर भागाकारात कॅल्क्युलेटर फक्त 1.67 ने भागतो आणि 10⁻²⁷ ने गुणतो. उत्तर 1.96 × 10⁻⁵² दिसतं. चौथ्या पायरीतला कोपऱ्यातला अंदाज इथे वाचवतो. बटण सापडत नसेल तर दोन्ही संख्यांभोवती कंस घाला. उणे चिन्हासाठीही बऱ्याच मॉडेलवर कंसातलं वेगळं उणे असतं.

एक्सेलमध्ये दहाच्या घातासाठी इंग्रजी ई अक्षर लिहितात: 1.6735, लगेच ई, लगेच उणे 27, मध्ये जागा न सोडता. कॅल्क्युलेटरवरचं ई चा घात असलेलं बटण मात्र याच्याशी संबंधित नाही, ते 2.718 वालं.

नीट आणि एमएचटी-सीईटीत यातलं काहीच नसतं, ना लॉग टेबल ना कॅल्क्युलेटर. तिथे पर्याय सहसा लांब लांब असतात, त्यामुळे चौथ्या पायरीतला अंदाजच बऱ्याचदा उत्तरापर्यंत नेतो.

सरावासाठी

वरचा तक्ता वापरा, आधी अंदाज लिहा.

अ) युरेनियम-238 हा हेलियम-4 च्या किती पट?
आ) युरेनियम-238 हा सोनं-197 च्या किती पट?
इ) लोह-56 च्या एका अणूइतकं वस्तुमान भरायला ऑक्सिजन-16 चे किती अणू लागतील? पूर्ण अणूंत ते बरोबर भरेल का?
ई) कार्बन-12 चा एक आणि ऑक्सिजन-16 चे दोन अणू मिळून झालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचं वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि ग्रॅममध्ये.

उत्तरं: अ) 59.47. आ) 1.209. इ) 3.497, म्हणजे साडेतीनला जरा कमी. तीन कमी पडतात, चार जास्त होतात. ई) 7.3046 × 10⁻²⁶ किग्रॅ, 7.3046 × 10⁻²³ ग्रॅम. "अ" मध्ये 0.5947 वर थांबला असाल तर पाचवी पायरी पुन्हा बघा, घातांकांची वजाबाकी करायची राहिली आहे.